टेबलावरचा नाणेघाट

दंतवैद्य मित्र दारातच थांबतो. आधी हातातलं खोकं आत सरकवतो आणि मग रेनकोट उतरवतो. खोक्यात नाणेघाट आहे, तो भिजून चालणार नाही. एरंडवण्यातल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात जेवणाचं टेबल भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलेलं आहे. कागद उडू नयेत म्हणून पंखा एकवर. टेबलावर कॅरेक्टर शीट, पेन्सिली, खोडरबरं आणि क्रोशाने विणलेल्या फाशांच्या पिशव्या. तो खोकं उघडतो, दोन्ही तळवे खाली घालून घाट अलगद उचलतो आणि टेबलावर ठेवतो. आम्ही सगळे एकदम पुढे वाकतो.

कोकणाच्या बाजूने चढत येणारी दगडी वाट, वर खडकात कोरलेलं लेणं, तिथून पुढे दोन कड्यांमधली अरुंद नळी, आणि नळी संपते तिथे, पठाराच्या तोंडाशी, दगडी रांजण. मुरबाडकडून वैशाखऱ्याच्या वाटेने चढून गेलेल्या कुणीही हा घाट ओळखावा. गेल्या हिवाळ्यात आम्ही सगळे तिथे गेलो होतो. बाकीचे फोटो काढत होते तेव्हा हा पायऱ्यांची उंची वितीने मोजत होता.

घाट एक्सपीएस फोमचा आहे. छपराला उष्णता अडवण्यासाठी घालतात तो. तापलेल्या तारेने तो हवा तसा कापता येतो. खडकाचा पोत आणायला त्याने ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला बोळा सगळीकडे दाबला आहे आणि बारीक भेगा दवाखान्यातल्या बाद झालेल्या प्रोबने ओढल्या आहेत. त्यावर काळपट तपकिरी रंगाचं पातळ पाणी, जे आपोआप भेगांत उतरतं, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने नुसत्या कडांवर फिरवलेला राखाडी. नळीतला पालापाचोळा म्हणजे वाळवलेली चहाची पत्ती. ती काकूंनी, म्हणजे डीएमच्या (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या) आईने, साठवून दिली. दंतवैद्य कसब्यातल्या वाड्यात दिवाळीचा किल्ला करत मोठा झाला. विटा, त्यांवर चिखलात बुडवलेलं गोणपाट, त्यावर पेरलेले हळीव आणि बुरुजांवर मातीचे मावळे. वाडा पडला, इमारत उभी राहिली, किल्ल्याला अंगण उरलं नाही. हात मात्र तेच आहेत, आणि ते चालताना बघून मला फार बरं वाटतं.

“भाद्रपद संपत आलाय,” डीएम म्हणते, आणि गप्पा थांबतात.

तिच्यासमोर पुठ्ठ्याचा पडदा उभा आहे, त्याच्या आड तिच्या वह्या. एरवी ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. इथे आमची पात्रं सोडली तर उरलेलं सगळं जग तीच आहे: पाऊस, बैल, कर घेणारा, मागावरचे सैनिक. “कल्याण मागे पडलं. बैलांच्या पाठीवर प्रवाळ, काच आणि इटलीच्या द्राक्षमद्याचे कुंभ. पाऊस उतरणीला लागलाय, पण आज घाटात वारा आहे. काय करता?”

या दोन शब्दांवर सगळा खेळ चालतो. ती समोर काय आहे ते सांगते, आम्ही आपापलं पात्र काय करतं ते सांगतो, आणि जिथे काहीही होऊ शकतं तिथे फासा पडतो.

कथेचं बी तिला एका खऱ्या पुस्तकात सापडलं. ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ हे इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं व्यापाऱ्यांचं मार्गदर्शक. त्यात कल्याणबद्दल म्हटलं आहे की पूर्वी हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण सत्ता बदलली आणि आता तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याची भीती असते. मजकूर एवढाच. कोणतं जहाज, कुणाचं, त्यावरच्या माणसांचं काय झालं, याबद्दल एक अक्षर नाही. डीएमला ते सहन होईना. जहाज पकडलं जाण्याआधी कुणी रातोरात माल उतरवला असता तर? तर तो नाणेघाट चढवून जुन्नरला न्यावा लागला असता. तिथून आमची मोहीम सुरू झाली.

कुडाळचा मित्र बँकेत कर्जविभागात आहे. इथे तो इरिल नावाचा यवन व्यापारी. नाव त्याने जुन्नरच्या लेण्यांतून उचललं. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याचा शिलालेख तिथे आहे. त्या माणसाविषयी आपल्याला माहीत असलेली गोष्ट ती एवढीच. ‘बाकीचं मी बघतो,’ असं तो पहिल्या सेशनला म्हणाला होता. अनुवाद करणारी मैत्रीण जुन्नरच्या विहारातली भिक्षुणी झाली आहे. चित्रकार मैत्रीण वाटाडी, खांद्याला धनुष्य. दंतवैद्य तांड्याचा राखणदार, ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे. मी हिशेबनीस, आणि त्या निमित्ताने घडेल ते वहीत टिपून ठेवणारा.

काकू कांदाभज्यांचं ताट घेऊन येतात.

“कोण जिंकतंय?”

“कुणीच नाही, काकू. यात जिंकणं नसतं.”

“मग हरतं कोण?”

“तेही नसतं. गोष्ट पुढे जाते, बस.”

“मग बसते मी थोडा वेळ,” म्हणत काकू खुर्ची ओढून घेतात.

टेबलावर छोट्या छोट्या फौजा मांडून लढाया खेळणारे लोक अमेरिकेत पूर्वीपासून होते. मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसनच्या मित्रमंडळात एकेकाने फौजेऐवजी एकच माणूस सांभाळायला घेतला. खेळ उठला तरी तो माणूस संपत नसे. पुढच्या वेळी तोच पुन्हा यायचा, थोडा अधिक शहाणा होऊन. आर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावचा गॅरी गायगॅक्स या दोघांनी मिळून १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला. एका खोक्यात तीन पुस्तिका, पहिल्या खेपेला हजार प्रती. आम्ही खेळतो ते नियम पाचव्या आवृत्तीचे, २०१४ साली आलेले. भुयारं आणि ड्रॅगन आम्ही तिकडेच राहू दिले. नियम त्यांचे, घाट आपला.

लेण्यापाशी पोचायच्या आधी डीएम पडद्यामागून एक गुंडाळी काढते. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला जाडसर कागद, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला, सुतळीने बांधलेला. “मागून धावत आलेला पोऱ्या हे इरिलच्या हातात देतो आणि पळून जातो.” कुडाळकर गुंडाळी उलगडतो. सगळा मजकूर ब्राह्मीत आहे. तो कागद उलटासुलटा करतो आणि भिक्षुणीपुढे धरतो. ही अक्षरं पडद्याच्या अलीकडे बसलेल्यांत तिला एकटीलाच येतात. दोन उन्हाळे बसून ती शिकली, शिलालेखांचे ठसे समोर ठेवून, आणि मग डीएमलाही शिकवली. भाषा मराठीच, लिपी तेवढी जुनी. ती बोट ठेवून वाचायला लागते. अधिकचं चिन्ह दिसलं की क. नुसता गोल असला की ठ, गोलात टिंब असलं की थ. “वर… थां… बू…” आम्ही सगळे तिच्या बोटाकडे बघतोय. डीएमने ठरवलं असतं तर एका वाक्यात सांगून टाकलं असतं, की पत्रात अमुक लिहिलंय. पण मग ही वाट बघणं कुठून आलं असतं? “वर थांबू नका. कर घेणारा विकला गेला आहे.”

राखणदार ढाल सरसावतो. म्हणजे दंतवैद्य खुर्चीत ताठ होतो.

माझा छंद मिनी रंगवण्याचा. त्या फोमच्या वाटेवर उभी असलेली माणसं माझ्या हातची आहेत. २८ मिलिमीटर मापाच्या मूर्ती, रेझिनच्या, प्रिंटरमधून काढलेल्या. आधी प्रायमर, मग पातळ केलेला ॲक्रिलिक, एका जाड थराऐवजी दोन-तीन विरळ थर. रंग वाळू नयेत म्हणून स्टीलच्या पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर. इरिलच्या अंगरख्याचा लाल मी प्रवाळाच्या जवळ नेऊन ठेवला आहे. हे काम रात्री एकट्याने, भिंग लावून करायचं. आमच्यातला प्रत्येक जण असाच कुठेतरी एकटा बसून काहीतरी करत असतो, आणि केलेलं कपाटात जातं. घरचे छान म्हणतात आणि विषय संपतो. इथे तसं होत नाही. माझी बोटभर मूर्ती दंतवैद्याच्या पायरीवर उभी राहते, भिक्षुणीच्या अक्षरांवर तिचा जीव अवलंबून असतो. छंदाला कौतुकापेक्षा गरज लागते, कुणाला तरी त्याचा उपयोग व्हावा लागतो, असं माझं ठाम मत या टेबलाने बनवलं आहे.

“लेण्यात शिरता,” डीएम म्हणते. “दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लेख कोरलेला. यज्ञांची नावं, दक्षिणेचे आकडे. आणि मागच्या भिंतीवर माणसं. सिमुक. शेजारी देवी नागनिका आणि राजा सातकर्णी. मग कुमार, मग महारठी. सगळ्यांची नावं डोक्यावर कोरलेली.” ती जरा थांबते. “मूर्ती पूर्ण आहेत. नखापासून मुकुटापर्यंत.”

कुणीही लगेच बोलत नाही. हिवाळ्यात आम्ही त्याच भिंतीसमोर उभे होतो. आज तिथे नावं आहेत आणि नावांखाली, अगदी तळाशी, पावलांच्या खुणा. मधलं सगळं गेलं आहे. आमच्या पात्रांना ते ठाऊक नाही, आम्हाला आहे.

चित्रकार मैत्रिणीने वही उघडली आहे. वॉटरप्रूफ शाईचं पेन घेऊन ती पानाच्या तळाशी आधी पावलं काढते. खात्रीचं तेवढंच. तिथून ती वर चढायला लागते. “मला चेहरा माहीत नाही,” ती म्हणते.

“मग सगळे मिळून सांगू,” डीएम म्हणते. “प्रत्येकाने एकच गोष्ट. नागनिकेकडे बघितल्यावर तुला पहिल्यांदा काय दिसतं?”

“कोपरापर्यंत बांगड्या,” दंतवैद्य.

“मान थोडी वळलेली. नवऱ्याकडे नाही, दाराकडे. घाटाकडे,” भिक्षुणी.

मी म्हणतो, कानातली जड कुंडलं, पाळी ओघळलेली.

काकूंनी कपात चहा गाळता गाळता ऐकलं आहे. “पोट थोडं सुटलेलं दाखव,” त्या म्हणतात. “मुलं झालेली बाई आहे ना ती?”

पेन क्षणभर थांबतं आणि मग एका सलग रेषेत ते पोट कागदावर येतं. मोठ्या घरची, राज्य सांभाळलेली, मुलांची आई. लेखात तिच्या मुलाचा उल्लेख आहेच. मला वाटतं, दोन हजार वर्षांत नागनिकेची इतकी आपुलकीने चौकशी फार वेळा झाली नसेल. इतिहासात काय सिद्ध होतं आणि आम्ही काय कल्पिलं, याची सीमा या टेबलावर प्रत्येकाला नीट माहीत आहे. पावलं खरी, पोट काकूंचं.

“बाहेर पडताच वरून बाण. इनिशिएटिव्ह!”

कुणाची पाळी आधी ते ठरवायला वीस बाजूंचे फासे टेबलभर खडखडतात. कड्याच्या ओठावर डीएम दोन धनुर्धर ठेवते. त्यांच्या नेमाला चारची भर, राखणदाराची आर्मर क्लास पंधरा, म्हणजे फाशावर अकरा किंवा जास्त पडलं की बाण लागला. अर्धी शक्यता.

“थांब,” चित्रकार मैत्रीण म्हणते. “वारा कुठून आहे?”

“खालून वर.”

“आणि पाणी?”

डीएमच्या चेहऱ्यावर आधी प्रश्न दिसतो, मग तो उजळतो. नाणेघाटाच्या कड्यावरून पावसाळ्यात सुटलेलं पाणी खाली पोचतच नाही. कोकणातून चढणारा वारा ते परत वर फेकतो. उलट्या धबधब्याचे व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिले आहेत.

“पाणी वर उडतंय, तर वरून सोडलेला बाण सरळ खाली कसा येईल?”

“येणार नाही,” डीएम म्हणते. “दोघांनाही डिसॲडव्हांटेज.” म्हणजे फासा दोनदा टाकायचा आणि लहान आकडा धरायचा. “अर्ध्याची पाव झाली. पंचवीस टक्के.” तिचे स्वतःचे धनुर्धर निम्म्याने दुबळे झाले आहेत आणि ती आनंदाने हसते आहे. चांगला डीएम कसा ओळखावा, असं कुणी विचारलं तर मी हा क्षण सांगेन.

“मग आमचे बाण खालून वर जाताना ॲडव्हांटेज?”

“नाही. वारा बाण नेईल, नेम नाही नेणार.”

हा निकाल सगळ्यांना पटतो.

पहिला बाण: सतरा आणि सहा. सहा धरायचा, बाण उडून गेला. दुसरा धनुर्धर मागच्या बैलावर नेम धरतो, बैलाशेजारी म्हातारा बैलवाला आहे. चौदा आणि एकोणीस. लहान आकडा चौदा, तरी पुरेसा. म्हातारा बसतो. दंतवैद्य हात पुढे करतो, पण त्याची पाळी अजून आलेली नाही. पुढची दहा मिनिटं फाशांची आहेत. दोन कुंभ फुटतात, वाटाडीचा एक बाण लागतो, दुसरा धनुर्धर पळतो. ते सगळं वहीत आहे, इथे नको. भिक्षुणी म्हाताऱ्याच्या जखमेवर हात ठेवते. पंधरा हवेत, तिची भर तीन. फाशावर बारा. अगदी काठावर रक्त थांबतं.

आता नळी संपली आहे आणि रांजणापाशी कर घेणारा उभा आहे, विकला गेलेला. जहाजाची मुद्रा इरिलकडे सापडली तर माल चोरीचा ठरणार. कुडाळकर उभा राहतो. बोलायचं असलं की तो उभाच राहतो. त्याचे मामा दशावतारात काम करतात. जत्रेच्या रात्री आख्यान कोणतं ते ठरतं, कोण कोण ते ठरतं, आणि मग पेटी-मृदंगाच्या साथीने पहाटेपर्यंत संवाद रंगमंचावरच जन्मतात; लिहिलेली संहिता नसते. समोरच्याचं वाक्य खाली पडू द्यायचं नाही, हे तो लहानपणी पडद्याआडून शिकला. “महाराज,” तो डीएमला म्हणतो, आवाज एकदम भरलेला, “माझ्या मालातलं प्रवाळ तुम्ही उन्हात धरून बघा.”

“आज ऊन नाही,” कर घेणारा, म्हणजे डीएम. “आणि तुझी झडती व्हायची आहे.”

आम्ही खाली मान घालून कुजबुजतो. मुद्रा बैलाच्या झुलीत? भिक्षेच्या पात्रात?

“रांजण पावसाने भरलेला असेल ना?” काकू म्हणतात. “गढूळ पाणी. त्यात टाका. झडती घेणारा स्वतःच्याच रांजणात कशाला बघेल?”

सगळे काकूंकडे बघतात. डीएम तिच्या वह्या चाळते. तिथे हे कुठेच नाही. मग ती एक कोरं कार्ड काढून त्यावर काहीतरी लिहिते आणि आईपुढे सरकवते. “आई, तू त्या बैलवाल्याची बायको. ये खेळात.”

काकू चष्मा वर करतात. भिक्षुणी तिचा निळा फासा त्यांच्या हातात देते. त्या तो फिरवून बघतात. “समोरासमोरची बेरीज एकवीस येते की,” म्हणतात, आणि टाकतात. तेरा. बारा लागणार होते.

“काय करता?” डीएम आता आईला अहो-जाहो करते आहे.

काकू जरा सावरून बसतात. “मी हंडा घेऊन जाते रांजणापाशी. म्हणते, दादा, नवऱ्याला बाण लागलाय, घोटभर पाणी घेऊ दे. हंडा बुडवताना मुद्रा सोडते आत.” आणि मग, कुणी विचारलेलं नसताना: “आणि त्याला सांगते, आज रांजण भरलाय म्हणून मागते. वैशाखात आम्ही हाच घाट कोरड्या तोंडाने चढतो. तेव्हा इथे थेंब नसतो. कर मात्र तेव्हाही घेता.”

डीएम उत्तर देत नाही. कर घेणाऱ्याकडे याला उत्तर नसणार, हे तिने ठरवून टाकलेलं दिसतं. ती हात हलवून तांडा पुढे सोडते.

कुडाळकर मात्र उभाच आहे. मामांनी शिकवलेलं वाक्य त्याच्या कानात आहे, पडू कसं देईल? तो काकूंकडे वळतो, इरिलच्या आवाजात. “म्हातारे, पोढी खोदायला किती कार्षापण लागतात?”

“मला काय माहीत? पण खोदणारच असलास तर एक नको. दोन खोद. एक माणसांना, एक बैलांना.”

भिक्षुणीच्या हातातून पेन सुटतं. दंतवैद्य टेबलावर हात आपटतो, तांड्यातले दोन बैल आडवे होतात. काकूंना कळत नाही की ही पोरं का ओरडतायत. शिलालेखाबद्दल त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नाही. कुडाळकर तोंडावर हात धरून खाली बसतो, परत उठतो, आणि काकूंच्या पाया पडतो. डीएम भराभर लिहिते आहे. चित्रकार मैत्रिणीने नवं पान उघडलं आहे. आणि दंतवैद्य फोमचा उरलेला तुकडा बोटांनी मापत विचारतो आहे की पोढींना उतरायला पायऱ्या ठेवू की नको, बैलांच्या पोढीचा काठ किती उतरता हवा, आणि पाण्यासाठी रेझिन ओतायचं तर ते आजच मागवायला हवं.